चिमटीत पकडलेला वेग

मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेणारे ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर आज फारसे कुणाच्या स्मरणात नाहीत. काळाच्या पुढे चालणाऱ्या या बुद्धिमान माणसाच्या आयुष्याची आणि त्याच्या चकतीच्या प्रवासाची ही ओळख.

शहरातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये मोटारीचे पुढचे चाक उतरवले, की आत ओतीव लोखंडाची चकचकीत चकती दिसते. तिच्या कडेवर एक जाडजूड चिमटा बसवलेला असतो. ही चकती म्हणजे रोटर आणि हा चिमटा म्हणजे कॅलिपर. पायाखालचे पॅडल दाबताच चिमट्यातले दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि भरधाव निघालेली टनभर वजनाची गाडी जागच्या जागी थांबते. ही रचना अलीकडची वाटली, तरी तिच्यामागची कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला जबड्यात धरून मोटार थांबवण्याच्या या युक्तीचे पेटंट १९०२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांनी घेतले. विमान हवेत कशाच्या आधारावर तरंगते याचा उलगडा करणारे, इंजिनाच्या थरथरीवर उपाय शोधणारे आणि युद्धातील संख्याबळाचे गणित मांडणारेही हेच लँचेस्टर. इतके सगळे देऊनही त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

घरातच अभियांत्रिकीचे वळण

फ्रेडरिकचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर वास्तुविशारद होते, तर आई ऑक्टेव्हिया लॅटिन आणि गणित शिकवत असे. आठ भावंडांमधला फ्रेडरिक चौथा. त्याच्या बालपणीच हे कुटुंब ब्रायटनजवळच्या होव्ह या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. थोरला भाऊ हेन्री वॉन याने वडिलांचा व्यवसाय पुढे नेला. जोधपूरचा प्रसिद्ध उमेदभवन राजवाडा ही याच हेन्री वॉन लँचेस्टर यांची निर्मिती. जॉर्ज आणि फ्रँक हे धाकटे भाऊ पुढे फ्रेडरिकच्या मोटारींच्या उद्योगात त्याचे सहकारी झाले.

फ्रेडरिकने साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण घेतले. तेथून शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या केन्सिंग्टन भागातील नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. यंत्रविद्येची भूक तेथे पुरेशी भागेना, म्हणून फिन्सबरी टेक्निकल कॉलेजातील संध्याकाळचे वर्गही त्याने केले. मात्र कुठलीही पदवी न घेताच तो शिक्षणातून बाहेर पडला. काही काळ पेटंट कार्यालयातील कामासाठी आराखडे काढण्यात गेला. दुसऱ्यांचे शोध कागदावर उतरवता उतरवता त्याने स्वतःसाठी आराखडे काढण्याचे एक उपकरण तयार केले आणि त्याचेही पेटंट घेतले.

१८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत त्याला नोकरी लागली. कराराच्या कागदात एक कलम होते. नोकरीत असताना लागलेल्या शोधांवर कंपनीचा हक्क राहील, असे त्यात म्हटले होते. वीस-एकवीस वर्षांच्या या तरुणाने ते कलम खोडले आणि मगच सही केली. हा हट्ट पुढे उपयोगी पडला. गॅस इंजिन सुरू करण्यासाठी तोवर कामगारांना जड चक्र हाताने ओढून फिरवावे लागे आणि त्यात अपघात होत. लँचेस्टर यांनी या कामासाठी सोपी युक्ती शोधली. तिचे हक्क विकून हाती आलेल्या पैशामुळे त्यांना स्वतःच्या प्रयोगांकडे वळता आले.

इंग्लंडची पहिली मोटार

त्या वेळच्या इंग्लंडमध्ये मोटारीला पोषक वातावरण नव्हते. १८९६ पर्यंत तेथील कायद्याने मोकळ्या रस्त्यावरही यांत्रिक वाहनाचा वेग ताशी ४ मैलांवर रोखून धरला होता. फ्रान्स आणि जर्मनीतील कारागीर मात्र झपाट्याने पुढे गेले होते. अशा स्थितीत लँचेस्टर यांनी बांधलेली मोटार १८९६ च्या सुरुवातीला रस्त्यावर आली. संपूर्णपणे ब्रिटिश बनावटीची पहिली चारचाकी पेट्रोल मोटार म्हणून ती ओळखली जाते.

घोडागाडीच्या सांगाड्यात इंजिन बसवायचे, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. लँचेस्टर यांनी ती बाजूला ठेवली. मोटार हे स्वतंत्र यंत्र आहे आणि त्याचा प्रत्येक भाग त्याच्यासाठीच आखला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या पहिल्या मोटारीला ५ अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे इंजिन होते. अशा इंजिनाने गाडी गदागदा हलायची. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे दोन क्रँकशाफ्ट बसवले. एकाचा धक्का दुसऱ्याने खोडून काढायचा, हे त्यामागचे तत्त्व. स्प्रिंगांची लवचिकता ठरवतानाही त्यांनी चालणाऱ्या माणसाच्या पावलांची लय प्रमाण मानली. माणसाचे शरीर त्या हेलकाव्यांना सरावलेले असते, हे त्यांनी ओळखले होते.

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली आणि बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात मोटारींचे उत्पादन सुरू झाले. एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या गाडीला कानस न लावता बसला पाहिजे, यावर लँचेस्टर यांचा कटाक्ष होता. त्यासाठी मोजमापाची साधनेही त्यांनी आपल्याच कारखान्यात तयार केली. गाडीची देखभाल सोपी व्हायची असेल, तर तिची तयारी कारखान्यातच झाली पाहिजे, हा विचार त्या काळात नवा होता. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग या मोटारीच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक. नवानगरचे जामसाहेब, क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांच्या ताफ्यातही लँचेस्टर मोटारी दाखल झाल्या.

चकती आणि जबडा

गाडी वेगाने धावू लागताच ती थांबवायची कशी, हा प्रश्न ऐरणीवर आला. तेव्हाचे ब्रेक घोडागाडीच्या काळातले होते. काही गाड्यांत लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा चाकाच्या धावेवर दाबला जाई, तर काहींत ड्रमभोवती पट्टा आवळला जाई. दाब एका बाजूने आला, की त्याचा ताण आसावर आणि बेअरिंगवर पडे. शिवाय घर्षणाची उष्णता ड्रमच्या आत कोंडून राही.

लँचेस्टर यांच्या १९०२ च्या पेटंटात चाकाला पक्की जोडलेली धातूची पातळ चकती होती. ब्रेक लावताच दोन जबडे तिची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असल्याने एकाचा रेटा दुसरा परतवून लावी आणि उरे ते केवळ घर्षण. उघड्यावर फिरणारी चकती वाऱ्याने थंड होई. इंजिनातल्या दोन क्रँकशाफ्टमागे जे समतोलाचे तत्त्व होते, तेच येथे ब्रेकमध्ये उतरले होते. चकतीवर ब्रेक लावण्याचा प्रयोग अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनीही १८९८ मध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारीत केला होता. मात्र आजच्या कॅलिपरची वंशावळ लँचेस्टर यांच्या जबड्यापाशी जाऊन पोहोचते.

कल्पना बिनतोड होती, पण तिला साजेसा पदार्थ उपलब्ध नव्हता. जबड्यांच्या आतल्या बाजूला लँचेस्टर यांनी तांबे वापरले. धातूवर धातू घासून कानठळ्या बसवणारा आवाज होई. रस्ते कच्चे, धुळीचे आणि खड्ड्यांचे. उडालेली धूळ आणि खडे जबडा व चकती यांच्या मध्ये शिरत आणि मऊ तांबे बघता बघता झिजून जाई. पुढे १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तरासाठी ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली आणि आवाज व झीज हे दोन्ही प्रश्न बरेचसे सुटले. त्याच ॲस्बेस्टॉसचा आरोग्याला असलेला धोका कळायला मात्र आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

चकतीच्या ब्रेकमध्ये दुसरी अडचण जोराची होती. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रमच आतल्या शूला ओढून घेतो आणि पायाचा जोर वाढवून देतो. चकती असे कोणतेही साहाय्य करत नाही. तिला आवळण्यासाठी मोठा दाब लागतो. तारा आणि दांड्यांच्या त्या जमान्यात तो आणायचा कुठून? हायड्रॉलिक ब्रेक मोटारींत रुळायला १९२० चे दशक उजाडावे लागले. परिणामी ड्रम ब्रेकने बाजी मारली आणि लँचेस्टर यांची चकती मागे पडली.

उपेक्षेची वर्षे

कारखान्याच्या वाट्यालाही असेच दैव आले. हातात मागण्या असूनही खेळत्या भांडवलाअभावी १९०४ मध्ये कंपनीवर प्रशासक नेमावा लागला. फेररचनेनंतर लँचेस्टर मोटार कंपनी उभी राहिली, पण संचालक मंडळाशी फ्रेडरिक यांचे सूर जुळेनात. हळूहळू आरेखनाची सूत्रे धाकट्या जॉर्जकडे गेली आणि १९०९ पासून फ्रेडरिक डेमलर कंपनीचे सल्लागार म्हणून काम पाहू लागले. तेथे सहा सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टला पीळ पडून होणाऱ्या थरथरीवर त्यांनी उपाय शोधला. क्रँकशाफ्टच्या टोकाला घर्षणाच्या चकत्यांनी धरलेले एक छोटे चक्र बसवायचे आणि ती थरथर घर्षणातच जिरवायची, अशी ती योजना होती. विरुद्ध फिरणाऱ्या वजनांनी इंजिन शांत करण्याची त्यांची पद्धत तर १९७० च्या दशकात जपानी मोटारींनी नव्याने स्वीकारली.

मोटारीच्या आधीपासून त्यांना पक्ष्यांच्या उड्डाणाचे कुतूहल होते. पंखाभोवती हवेचे अभिसरण होते, त्यातून उचल मिळते आणि पंखाच्या टोकांपाशी भोवरे तयार होतात, असा सिद्धांत त्यांनी १८९० च्या दशकातच मांडला. १८९७ मध्ये लंडनच्या फिजिकल सोसायटीने त्यांचा निबंध परत पाठवला. राइट बंधूंचे विमान उडायला अजून सहा वर्षे होती. पुढे १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी हे विचार दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध केले. जर्मनीतील ग्योटिंगेनला जाऊन त्यांनी लुडविग प्रांटल यांची भेट घेतली. प्रांटल यांनी पुढे या विषयाला काटेकोर गणिती रूप दिले आणि श्रेयाचा मोठा वाटाही तिकडेच गेला.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, त्यांनी लढाईचे गणित मांडले. दूरवर मारा करणाऱ्या शस्त्रांच्या युद्धात सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा तो नियम. अन्य गोष्टी समान असतील, तर दुप्पट संख्येचे सैन्य चौपट भारी ठरते. दुसऱ्या महायुद्धात उदयाला आलेल्या ऑपरेशन्स रिसर्च या शास्त्राने या नियमाला आपल्या पायाभूत कामांत स्थान दिले.

१९१९ मध्ये वयाच्या पन्नाशीत त्यांनी डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह केला. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १९२५ मध्ये त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि ध्वनिक्षेपकांवर काम सुरू केले, पण व्यवहारात ती यशस्वी झाली नाही. डेमलरशी असलेला संबंध संपला. १९३१ मध्ये त्यांच्या नावाची मोटार कंपनीही दुसऱ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. कंपवाताने शरीर थकले. जन्मभर यंत्रांची थरथर थांबवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे हात थरथरू लागले. उत्पन्न आटले आणि अखेरच्या काळात धर्मादाय मदतीचा आधार घ्यावा लागला. १९४५ मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेने त्यांना जेम्स वॉट आंतरराष्ट्रीय पदक जाहीर केले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅमच्या मोझली भागातील राहत्या घरी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांना मूलबाळ नव्हते.

चकतीचे पुनरागमन

लँचेस्टर गेले आणि सहा-सात वर्षांतच त्यांची चकती परतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्क ब्रेक विमानांच्या चाकांवर आले होते. डनलॉप कंपनीने ते तंत्र जॅग्वार मोटारीवर आणले. १९५३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने विजेतेपद पटकावले. प्रतिस्पर्धी वळणाच्या बरेच आधी वेग कमी करत असताना जॅग्वारचे चालक अखेरच्या क्षणापर्यंत वेग टिकवू शकत होते. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन डीएस या मोटारीने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. त्यानंतर ही चकती सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत येऊन पोहोचली.

तंत्र सुधारले, तरी लँचेस्टर यांची मूळ अट कायम राहिली. दोन्ही जबड्यांनी सारख्याच जोराने धरले पाहिजे आणि पाय उचलताच सारखेच सोडलेही पाहिजे. आजच्या अनेक मोटारींत कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पाय उचलल्यावर पिस्टनभोवतीचे रबरी सील आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. ही केसभर जागा सुटली, की चकती मोकळी फिरते.

बिघाडाची सुरुवात इथेच होते. पिनांवरची रबरी टोपणे फाटली, की आत पाणी आणि चिखल शिरतो, ग्रीस सुकते, गंज धरतो आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग आतला पॅड झिजून पत्र्याला टेकतो आणि बाहेरचा जवळपास कोरा राहतो. पिस्टन अडकला, तर पॅड सतत घासत राहतो, चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. चकतीच्या दोन बाजू सारख्या झिजत नाहीत. तांब्याच्या जबड्यांना जे धुळीने केले, तेच येथे पावसाळ्यातला चिखल करतो.

ब्रेक लावताना पॅडल पायाखाली उसळू लागले, स्टीअरिंग थरथरू लागले, की चकती वाकडी झाल्याचे निदान सर्रास केले जाते. बहुतेक वेळा दोष जाडीचा असतो. चकती हबवर सपाट बसली नसेल, तर ती किंचित डुलत फिरते. ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा ठरावीक भाग पॅडला घासतो. काही हजार किलोमीटरनंतर तेवढाच भाग पातळ होतो. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचा फरक पडला, तरी पायाला तो जाणवू शकतो. तापलेल्या चकतीवर पॅडचा थर असमान चिकटला, तरी असाच अनुभव येतो.

यावरचे उपाय साधे आहेत. पॅड बदलताना स्लाइड पिना काढून स्वच्छ कराव्यात, रबराला अपाय न करणारे आणि उष्णता सोसणारे ब्रेकसाठीचे ग्रीस लावावे आणि फाटकी टोपणे बदलावीत. पिस्टन सहजपणे मागे जातो का, ते पाहावे. उतरवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा. नवी चकती बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. चाकाचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने नेमक्या जोरात आवळावेत. जाडी मायक्रोमीटरने चकतीच्या अनेक जागी मोजावी आणि चकतीवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती गेली असल्यास डावी-उजवी अशी जोडीच बदलावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि आतून गंज धरवते. त्यामुळे तेही साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, बदलणे इष्ट. नवे पॅड बसवल्यावर सुरुवातीला मध्यम वेगावरून अनेकदा हळुवार ब्रेक लावून ते चकतीवर बसू द्यावेत. घाटातून उतरून आल्यावर तापलेल्या चकतीवर पॅड आवळून गाडी उभी ठेवणे टाळावे.

कॉव्हेन्ट्री येथील पॉलिटेक्निकला १९७० मध्ये लँचेस्टर यांचे नाव देण्यात आले. आज ते कॉव्हेन्ट्री विद्यापीठ आहे आणि तेथील ग्रंथालय लँचेस्टर यांच्या नावाने ओळखले जाते. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या पहिल्या मोटारीचे शिल्पही उभे आहे. गॅरेजमध्ये पिना पुसणाऱ्या मेकॅनिकच्या कानावर मात्र हे नाव क्वचितच पडलेले असते. तरीही दोन्ही पॅड सारखे झिजले आहेत की नाही, हे तो चाक उतरवल्यावर सर्वांत आधी पाहतो आणि लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घातलेली अट पुन्हा एकदा तपासून घेतो.